बाळंतपण, सोरायसिस आणि आपलं घर

(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आजचा विषय सांगितला तेव्हा दोघीतिघींचे चेहरे जरा उतरले. गणपतीच्या मांडवात कातडीच्या आजारावर बोलायचं? मी त्यांना बाप्पाच्या जन्माची गोष्ट आठवून दिली. पार्वतीनं स्नानाच्या वेळी अंगाला लावलेलं उटणं, अंगावरच्या मळासकट काढलं आणि त्याचाच मुलगा घडवून दाराशी राखणीला बसवला. लहानपणापासून आपण ही कथा ऐकतो आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. आईच्या अंगावरून निघालेल्या मळातून जो घडला, त्याच्यासमोर आईच्या कातडीबद्दल बोलायला संकोच कशाचा?

मी डॉक्टर नाही. पहिल्या बाळंतपणापासून मला सोरायसिस आहे. इतक्या वर्षांत डॉक्टरांकडून जे कळलं, जे वाचलं आणि घरात जे अनुभवलं, ते सांगणार आहे. औषध कुठलं घ्यायचं ते मात्र आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

सगळ्या बोलण्याचं सार आधीच सांगून टाकते. बाळंतपणाची तयारी करताना आपण दुपटी शिवतो, डिंक आणतो, अळीव आणतो, मालीशवाली बाई ठरवतो. ज्या मुलीला सोरायसिस आहे, तिच्या घरानं त्या तयारीत तिच्या कातडीचीही तयारी धरावी. कारण हा आजार उसळायची वेळ बहुतेकदा बाळ झाल्यानंतरची असते, आणि नेमकं त्याच वेळी सगळं घर बाळाकडे बघत असतं. आईकडे बघायला कुणी नसतं.

आता हा आजार म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या कातडीच्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर येतात आणि झडून जातात. याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा उगाचच चेतवली जाते आणि हेच काम आठवड्याच्या आत उरकायला लागतं. पेशी तयार व्हायच्या आधीच वर येऊन एकावर एक साचतात. प्लांटमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. पुढच्या खात्यानं माल उचलायच्या आत मागच्या खात्यानं चौपट माल पाठवला, तर तो साचणारच. तसा चट्टा येतो आणि त्यावर चांदीसारखी पांढरी खपली धरते. गोऱ्या कातडीवर चट्टा लाल दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो. कोपर, गुडघे, डोकं, कंबर, तळहात, नखं या त्याच्या ठरलेल्या जागा. भारतात झालेल्या पाहण्यांत मोठ्या माणसांमध्ये त्याचं प्रमाण साधारण अर्धा टक्का ते पावणेतीन टक्के आढळलं आहे. म्हणजे या मांडवात शंभर-दोनशे माणसं असतील, तर त्यांत एक-दोघांना तो असणं अगदी साहजिक आहे.

आपल्याकडे याला कुणी इसब म्हणतं, कुणी गजकर्ण, इथले हिंदी शेजारी अपरस म्हणतात. पण हा गजकर्णासारखा बुरशीचा रोग नाही, जंतूंचाही नाही. शिवून, एका ताटात जेवून, एका पांघरुणात झोपून किंवा बाळाला अंगावर पाजून हा आजार लागत नाही. काही प्रमाणात तो रक्तातून येतो, हे खरं आहे. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर मुलाला पुढे कधीतरी होण्याची शक्यता ढोबळमानानं दहा-पंधरा टक्के धरतात. म्हणजे दहा मुलांपैकी आठ-नऊ मुलांना तो होत नाही. आणि ज्याला व्हायचा त्याला आईनं कुशीत घेतलं म्हणून होत नाही, आणि दूर ठेवलं म्हणून टळतही नाही.

मग ही भीती आली कुठून? त्याला इतिहास आहे. कित्येक शतकं सोरायसिस आणि कुष्ठरोग यांत लोक गल्लत करीत. व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ च्या सुमारास हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे दाखवून दिले. वैद्यकात गल्लत मिटली, पण लोकांच्या मनात अजून पुरती मिटलेली नाही. चट्टा दिसला की जुन्या माणसांना महारोगच आठवतो.

आणि महारोग्याला तरी दूर ढकलायचं कुणी सांगितलं? आपल्यातले बरेचजण विदर्भातून इथे आले, त्यांना वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन माहीत आहे. पण आपल्या छत्तीसगडमध्येच, हावड्याच्या लाइनीवर, चांपा आहे. तिथे सदाशिवराव कात्रे या मराठी माणसानं १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. कात्रे स्वतः कुष्ठरोगी होते. पुढे १९७२ साली अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट तिथे गेले आणि २०१९ साली जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जो आजार खरोखर जंतूंमुळे होतो, त्याच्या रोग्यांबरोबर आपली माणसं आयुष्यभर राहिली. आज कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो. मग जो आजार मुळीच लागत नाही, त्यासाठी लेकुरवाळीला वेगळं पाडायचं, हे आपल्याला शोभतं का?

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी डिसेंबरची थंडी होती. बाळ दीड महिन्याचं झालं आणि माझ्या कोपरांवर, कमरेला आणि केसांच्या कडेनं चट्टे उठले. नात्यातल्या एक वयस्कर बाई बाळ बघायला आल्या. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्या म्हणाल्या, "सूनबाई, याला वरचं दूध लावा आणि रात्री आजीजवळ झोपवा. अंगावरचं अंगाला लागतं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण माझे हात असे गार पडले की बाळाला धरून ठेवणंही जड गेलं. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या उठल्या, माझ्या कोपरावरून तळहात फिरवला, त्याच हातानं डब्यातला डिंकाचा लाडू घेऊन खाल्ला आणि म्हणाल्या, "मला लागलं तर बघू, वन्सं." सासूबाई पुढे वीस वर्षं आमच्यात होत्या. त्यांना काही लागलं नाही. ते बाळ आता नोकरीला आहे, त्यालाही नाही.

प्रत्येक घरात अशी सासू असेलच असं नाही. म्हणून काही गोष्टी सगळ्यांनाच ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. गरोदरपणात शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि पुष्कळ जणींचा सोरायसिस आपोआप शांत होतो. मुलीला वाटतं, गेला एकदाचा! २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोरायसिस असलेल्या ४७ गरोदर स्त्रियांची पाहणी होती. त्यांतल्या ५५ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणात कमी झाला. पण बाळंतपणानंतर ६५ टक्के स्त्रियांचा वाढला, आणि ही वाढ सहा आठवड्यांच्या आत दिसून आली. बाळंत झाल्यावर संप्रेरकं झपाट्यानं उतरतात, त्यात जागरण आणि काळजी यांची भर पडते. सहा आठवडे म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिना. बाळंतिणीच्या खोलीत आपल्या सगळ्या रीती चालू असतात, तोच हा काळ.

या रीतींमध्ये या आजाराला मानवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. विश्रांती आहे, तेल आहे, घरकामापासून सुटका आहे. फक्त काही गोष्टी जरा बदलून घ्याव्या लागतात. कातडीला जिथे घासलं, काचलं, कापलं जातं, तिथे सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांनी हे प्रथम दाखवलं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं. मालीशवाली बाई असू द्या, पण तिला हलक्या हातानं तेल लावायला सांगा, साधं खोबरेल चालेल. डाळीच्या पिठानं खसाखसा घासायचं नाही. खपल्या नखांनी काढायच्या नाहीत. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी आणि थोडक्यात अंघोळ. अंग टिपून, ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायचं. शेगडी अंगाच्या अगदी जवळ नको, तिच्या धगीनं कातडी आणखी कोरडी पडते. पोट बांधायचा पट्टा करकचून नको. परकराची नाडी रुंद घ्या आणि सैल बांधा. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा जरा मोठ्या मापाचा भरा. सिझेरियन झालं असेल, तर टाक्यांच्या जागेवर लक्ष ठेवा. दुपट्यांचा साबण तिच्या हातांना लागू देऊ नका, तळहातांवर चट्टे असतील तर मुळीच नाही. आपल्याकडे थंडीत हवा फार कोरडी असते, त्या दिवसांत तेलाची पाळी दोनदा-तीनदा करा.

दुसरी गोष्ट पाजण्याची. सोरायसिस आहे म्हणून बाळाला पाजायचं थांबवण्याचं काहीच कारण नाही. काळजी घ्यायची ती औषधाची. साधी तेलं, व्हॅसलीन, डॉक्टरांनी दिलेली सौम्य मलमं पाजत्या आईला बहुधा चालतात. मलम लावायचं ते पाजून झाल्यावर, आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी ती जागा ओल्या मऊ कपड्यानं पुसून घ्यायची. स्तनाग्रावर कडक स्टिरॉइडचं मलम मनानं कधीही लावू नये, ते बाळाच्या तोंडात जातं. मलम लावलेला भाग बाळाच्या अंगाला घासणार नाही असा झाकावा. इस्पितळात ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार मिळतो, तो गरोदर आणि पाजत्या स्त्रियांना सुरक्षित मानला जातो.

काही औषधं मात्र या काळात चालत नाहीत. मेथोट्रेक्सेट गरोदरपणीही नाही आणि पाजतानाही नाही. ॲसिट्रेटिन नावाची गोळी तर अशी आहे, की ती थांबवल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणून ज्या घरात सोरायसिस असलेली लग्नाची मुलगी आहे, त्या आईला माझं हात जोडून सांगणं आहे. लग्न ठरलं की मुलीला घेऊन आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा आणि पुढे मूल हवं आहे, असं स्पष्ट सांगा. आजार लपवून लग्न लावलं, तर मुलगी गोळ्याही लपूनच घेते, आणि त्यातून होणारं नुकसान बाळापर्यंत जातं.

कुणी "पाजणं थांबवा" म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा, "औषध बदलता येईल का?" पुष्कळदा येतं. आणि एखादीचा आजार खरंच इतका वाढला, की कडक औषध घेण्यावाचून इलाज नाही, तर तिनं बाळाला वरचं दूध द्यावं आणि निर्धास्त राहावं. तिला कुणी टोचून बोलू नये. बाळाला दूध जसं लागतं, तशी चालतीफिरती आईही लागते.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. आपल्या रस्त्यांवर भिंतीभिंतींवर लिहिलेलं असतं, "जड से खत्म". जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली सोरायसिसबद्दल ठराव केला. हा संसर्गजन्य नसलेला, दीर्घकाळ चालणारा आणि कायमचा बरा करणारा उपाय नसलेला आजार आहे, असं त्यात म्हटलं आहे. कायमचा जात नसला, तरी तो चांगला आटोक्यात राहतो, वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. पण मुळापासून घालवण्याची हमी जो देतो, त्याच्यापासून दूर राहा. अशा कित्येक पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आठवड्यात कातडी लख्ख होते, आणि पुडी एकदम बंद केली की अंगभर आजार उसळतो. मलमांचंही तसंच. म्हणून तर २०१८ साली केंद्र सरकारनं स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

आयुर्वेदात बावची सांगितली आहे आणि ती काही खोटी नाही. तिच्या बियांत सोरालेन असतं. ते देऊन अतिनील किरणांचा उपचार आधुनिक वैद्यकातही १९७० नंतरच्या काळात रुळला. पण बावचीचं तेल लावून घरी उन्हात बसलं तर कातडी भाजते, आणि गरोदर किंवा पाजत्या बाईनं तर ते करूच नये. आणखी एक गोष्ट. मलेरियाची क्लोरोक्वीन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी सोरायसिस वाढू शकतो. त्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण देणाऱ्या डॉक्टरांना आपला आजार आधी सांगायचा. घसा दुखून ताप आला तरी दाखवायचं, घशाच्या काही संसर्गांनंतरही चट्टे उठतात.

चौथी गोष्ट, थांबायचं केव्हा नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तापासह पू भरलेल्या बारीक पुटकुळ्या उठल्या, किंवा केव्हाही सगळं अंग लाल होऊन हुडहुडी भरली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. सकाळी बोटं अर्धा तास आखडून राहतात, सांधे सुजतात, बाळाला उचलताना मनगट दुखतं, तर "बाळंतवात असेल" म्हणून सोडून देऊ नका. सोरायसिस असलेल्या साधारण पाचातल्या एकाला सांध्यांचा त्रास होतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास सांधे कायमचे बिघडतात. आणि ती सारखी रडते, झोप लागत नाही, बाळाकडे बघवत नाही असं म्हणते, तर ती नाटक करते असं समजू नका. बाळंतपणानंतर मन खचणं हाही आजार आहे, आणि अंगावर चट्टे असले की त्याचा धोका वाढतो. त्याचेही उपचार आहेत. आपल्यापैकी अनेकींची बाळंतपणं सेक्टर ९ च्या इस्पितळात झाली आहेत. आता रायपूरला एम्सही आहे. दाखवायला जागा आहेत, फक्त घरातून कुणीतरी "चल" म्हणायला हवं.

शेवटी, मागे बसलेल्या भाऊजींसाठी. पाठीवर मलम लावायला बायकोचा हात पोचत नाही, तुमचा पोचतो. रात्रपाळी नसेल त्या दिवशी बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घ्या, तिला सलग चार तास झोपू द्या. किरणांच्या उपचाराला आठवड्यातून दोनतीनदा जावं लागतं, तेवढा वेळ बाळ कुणाजवळ राहील, हे तिनं एकटीनं ठरवायचं नाही. तिच्या कोपराला हात लावताना कचरू नका. घरातली बाकीची माणसं तुमच्याकडे बघूनच शिकतात.

आणि पाहुण्यांसाठी एकच विनंती. बारशाला गेलात, आईच्या हातावर चट्टा दिसला, तर औषध सुचवू नका आणि "हे काय झालं?" असं चारचौघांत विचारू नका. बाळ तिच्या मांडीवरून उचलून घ्या, आशीर्वाद द्या आणि परत तिच्याच मांडीवर ठेवा. एवढ्यानंही तिला पुष्कळ बळ येतं.

२९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन असतो. आपण त्याची वाट बघायला नको. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवणाची यादी कराल, तेव्हा त्याच कागदावर पाच ओळी आणखी लिहा: त्वचारोगाच्या डॉक्टरांची एक भेट, पाजताना चालणारी मलमं कुठली, तेल-व्हॅसलीनचा साठा, दुपटी कोण धुणार, आणि सहाव्या आठवड्यात तिला घेऊन इस्पितळात कोण जाणार. बाळाला लस द्यायला त्याच सुमारास जायचंच असतं, त्याच फेरीत आईचंही दाखवून होईल.

इथे कुणाला मांडवात विचारायला अवघड वाटत असेल, तर आरती झाल्यावर मी प्रसादाच्या टेबलाजवळ उभी आहे. 

गणपती बाप्पा मोरया!